पांढऱ्या पेशींच्या बाजूचा माणूस

बोट कापलं की माणूस आधी हळद शोधतो. आमच्या माडीवर भाड्याने राहणारे डॉक्टर घड्याळ बघायचे. एकदा विळीवर भेंडी चिरताना माझ्या बायकोच्या बोटाला लागलं, तेव्हा ते ओसरीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्याच्या वरून जखमेकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "निघाले असतील आता."

"कोण निघाले, काका?" बायकोने बोट दाबून धरत विचारलं.

"लोक. तुमच्या रक्तातले. थोड्या वेळात पोचतील. आता जिथे ठणकतंय ना, तिथे बैठक भरेल."

रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते 'लोक' म्हणत. तांबड्या पेशींना 'हमाल'. हमालांबद्दल त्यांना आकस नव्हता, पण कौतुकही नव्हतं. "प्राणवायूची पोती इकडून उचलायची, तिकडे टाकायची. काम मोठं आहे, पण त्यात डोकं लागत नाही. लोकांना मात्र ठरवावं लागतं. समोर आलाय तो घरचा की परका, याला गिळायचा की सोडायचा."

डॉक्टर रक्त तपासणारे. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदीचा काळ घालवून निवृत्त झाले आणि तेलगावच्या अलीकडे, साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या आमच्या गावात येऊन राहिले. इथेच का, असं विचारलं तर म्हणायचे, "इथे ऊस आहे, पेंड आहे, शेणखत आहे. बुरशीला आणखी काय पाहिजे? आणि जिथे बुरशी तिथे मी." माडीची पुढची खोली ही त्यांची लॅब आणि मागची ही बिऱ्हाड, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात दोन्हीकडे लॅबच होती. मी तेव्हा कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होतो. माझं नाव त्यांना ठाऊक असूनही ते मला 'काटेवाले' म्हणत.

त्यांचा विषय निघाला की लोक मला भाकरीची गोष्ट सांगायला लावतात. ती सांगतो. पण मला डॉक्टर आठवतात ते चतुराबाईच्या डोळ्यामुळे. ऊस तोडणाऱ्या त्या बाईचा डोळा राहतो की जातो, हा प्रश्न जवळजवळ दोन वर्षं आमच्या घरात मुक्कामाला होता.

आधी भाकरी. डॉक्टरांच्या खिडकीत बशांची रांग असे. एका बशीत ज्वारीची शिळी भाकरी, दुसरीत सरकीच्या पेंडीचा तुकडा, तिसरीत उसाचं कांडं. एका बशीत मला माझा हरवलेला चामड्याचा पट्टा सापडला. त्यावर हिरवट मखमल आली होती. मी पट्टा मागितला तेव्हा ते म्हणाले, "चार दिवस थांबा. आत्ताच तर रंगात आलेत." बुरशीला ते कधी एकेरी बोलत नसत. "हे काळे आहेत ना, हे फार सभ्य. रोज श्वासाबरोबर यांचं बी आपल्या छातीत जातं. तिथे आपले पहारेकरी बसलेले असतात, ते एकेक बी उचलतात आणि गिळतात. यांची तक्रार नाही, त्यांची बढाई नाही. आपल्याला पत्ताही लागत नाही."

"इतके सभ्य आहेत तर त्यांना म्हणावं, माझ्या लोणच्याच्या बरणीत येऊ नका," बायको म्हणाली.

त्यांनी हे बोलणं मनावर घेतलं. बरणीवरची साय चमच्याने काढून वर नेली आणि दुसऱ्या दिवशी जिन्यातूनच आनंदाने सांगितलं, "वहिनी, ते काळे नाहीत. ते वेगळंच घराणं आहे."

ताप आलेल्या माणसाला ते अभिनंदन केल्यासारखे भेटत. गळू झालेल्याला विचारत, "पू आला का?" आला म्हटलं की टोपी काढत. गळवातला पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग, हे मला त्यांच्याकडून कळलं. "लोक कामी आलेत तिथे," ते म्हणत. "पुसून टाका, पण नाक मुरडू नका."

कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना साखरेचा आजार होता आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बुरशी. रिपोर्ट न्यायला ते स्वतः माडी चढून आले. डॉक्टरांनी कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "साहेब, यंदा कारखान्याचा उतारा किती बसला मला माहीत नाही. तुमच्या रक्ताचा मात्र चांगला बसलाय." एक टन उसातून किती साखर निघाली, त्याला आमच्याकडे उतारा म्हणतात. साहेबांच्या बरोबरचे दोघं हसू दाबत भिंतीकडे बघायला लागले.

"पायाला मलम लावतोय की मी," साहेब म्हणाले.

"मलम लावा. पण तुमचे लोक पाकात रुतलेत. त्यांना वास येतो, शत्रू कुठे आहे ते कळतं, निघायला जातात तर पाय उचलत नाहीत. आधी साखर उतरवा, मग बघा कसे पळतात."

साहेबांनी चहातली साखर बंद केली. कारखान्याचा चेअरमन बिनसाखरेचा चहा पितो, ही बातमी तालुकाभर झाली.

आता डोळ्याकडे येतो.

त्या साली पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला होता. ऊस फडातच वाळायला लागला. कारखान्याने गाळप घाईने सुरू केलं, कारण उशीर झाला तर गाळायला नुसती चिपाडं उरली असती. वाळलेल्या उसाच्या पानाची कड करवतीसारखी होते. तोडताना, मोळी बांधताना ती डोळ्याला लागते. त्या हंगामात ऊसतोड टोळ्यांमध्ये निम्म्या लोकांचे डोळे सारखे पाणावलेले असत.

यावर मुकादमांनी उपाय काढला होता. कारखान्याच्या सहकारी ग्राहक भांडारात डोळ्यात घालायच्या थेंबांची एक बाटली मिळे. लिंबाजी मुकादम ती सदऱ्याच्या खिशात बाळगी. सकाळी कोप्यांपुढे, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांपुढे, टोळीतले लोक ओळीने उताणे पडत आणि मुकादम पुजाऱ्याने तीर्थ द्यावं तसा एकेकाच्या डोळ्यात थेंब टाकत जाई. लालीवर उतारा असा पडे की दुपारपर्यंत डोळा पांढरा स्वच्छ. तक्रार बंद, तोड चालू. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. बायको बसली की कोयताच बसतो. त्यामुळे कुणाला बसायची सोय नव्हती.

डॉक्टर दुपारी काट्यावर यायचे. गाड्यांतला शिळा ऊस हुंगायचे, आवडला तर कांडं मागून न्यायचे. गाडीवाले त्यांना ओळखत. एका दुपारी आश्रुबाची बैलगाडी काट्यावर चढली. जोडीला त्याची बायको चतुराबाई, पदराने एक डोळा झाकलेला. दोघं उमापूरकडचे. डॉक्टर तिच्याजवळ गेले आणि पदर बाजूला करायला सांगितलं.

मी काट्याच्या खिडकीतून बघत होतो. डॉक्टर बराच वेळ वाकून तिच्या डोळ्यात पाहत राहिले. मग सरळ झाले आणि रागाने म्हणाले, "हा लाल का नाही?"

आश्रुबा गोंधळला. "लाल हुता की. औषध घातल्यावर बरा झालाय."

"बरा? बाई, दिसतं का याने?"

"धुरकट दिसतंय," चतुराबाई म्हणाली. "म्होरं कापसाचा पुंजका धरल्यावानी."

"पुंजका बाहेर नाही. डोळ्यात आहे. बुबुळावर. त्याला कडेने दशा फुटल्यात. एवढं होऊन डोळा लाल नाही म्हणजे कुणीतरी लोकांना बसवून ठेवलंय. काय घालता डोळ्यात?"

लिंबाजी मुकादम मागच्या गाडीजवळ उभा होता. त्याने अभिमानाने खिशातून बाटली काढली. "ही. हिच्यावरच माजी टोळी चालती, डॉक्टर."

डॉक्टरांनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, बूच काढलं आणि सगळं औषध उसाच्या पाचटावर ओतून टाकलं. मुकादम पुढे झाला. "डोकं फिरलंय का तुमचं? कावून सांडलं?"

"यात स्टेरॉइड आहे. डोळ्यातला दंगा थांबवतं. पण हा दंगा आपल्या लोकांचा होता. ते बसले आणि बुरशीला रान मोकळं झालं."

"लालच न्हाई तर रोग कसला?" मुकादमाने विचारलं. त्याच्या बाजूला जमलेल्या सगळ्यांना हेच म्हणायचं होतं, हे मला चेहऱ्यांवर दिसत होतं.

डॉक्टर तिला त्याच दिवशी एसटीने अंबाजोगाईला घेऊन गेले. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बुबुळावरून नखाएवढंही नाही असं खरवडून काचेवर घेतलं. काच आमच्या डॉक्टरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बुरशीचे धागे दिसले, फांद्या फुटलेले. बाईंनी बुरशीवरचे वेगळे थेंब दिले. दिवसभर तासातासाला घालायचे, आठवडेच्या आठवडे. जुने थेंब बंद. डोळा राहील का, यावर बाई म्हणाल्या, "उशीर झालाय. बघू."

कोपीवर धुरळा आणि चुलीचा धूर. म्हणून चतुराबाई आमच्या ओसरीत राहायला आली. थेंब घालायचं काम माझ्या बायकोने घेतलं. आश्रुबा एकटाच तोडीला जाऊ लागला, म्हणजे अर्धा कोयता.

गावात टँकर येत होता. आम्हाला दोन ड्रम आणि डॉक्टरांना एक. एरवीसुद्धा त्यांचं पाणी आधी काचा धुवायला आणि काचेवरचे नमुने रंगवायला जाई, उरलं तर अंघोळीला. बायको जिन्यातून विचारी, "काका, आज अंघोळ का?" वरून उत्तर येई, "आज नाही वहिनी, आज रंगवायचंय." त्या आठवड्यांत त्यांनी रंगवणं बंद ठेवलं. ड्रममधलं पाणी उकळून, गाळून ते खाली पाठवत. थेंब घालण्याआधी हात त्याच पाण्याने धुवायचे अशी ताकीद होती. काकांनी अंघोळ मात्र सुरू केली नाही. बायको म्हणायची, सवय झालीय त्यांना.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. जुन्या थेंबांचा असर उतरला आणि चतुराबाईचा डोळा लालभडक झाला. पापणी सुजली. ती रात्रभर कण्हत होती. सकाळी आश्रुबा आला, मागोमाग मुकादम.

"आलतो तवा डोळा पांढरा हुता," आश्रुबा म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "तुमी बिघडवला."

"म्या म्हनलं न्हवतं, बे?" मुकादम म्हणाला. "भांडारातनं नवी बाटली आनलीय. चल, चतुरे, पड उताणी."

चतुराबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने मुकादमाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. डॉक्टरांकडे पाहिलं. "दुखणं सोसंल मी. पर डोळा जानार असंल तर दुखून काय उपेग? खरं काय ते सांगा."

डॉक्टर म्हणाले, "सांगत नाही. दाखवतो. तासभर थांबा."

ते वर गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी स्वतःच्या दंडाला नाडी बांधून सुईने रक्त काढलं आणि ते गोठू नये म्हणून औषध घातलेल्या नळीत उभं ठेवलं. तांबडा भाग खाली बसू लागला. "हमालांची गर्दी बसू दे. लोक वर राहतात," ते म्हणाले. मग वरच्या पांढुरक्या थरातला थेंब काचेवर घेतला, खिडकीतल्या बशीतून बुरशीचा धागा सुईच्या टोकाने उचलून त्यात सोडला आणि वर पातळ काच ठेवली. लोकांना अंगाइतकी ऊब लागते. वीज गेलेली होती. परळीच्या वीजकेंद्राची वीज जगभर जाते, आमच्याकडे जातेच. डॉक्टरांनी काच एका पत्र्याच्या चपट्या डबीत ठेवली आणि डबी काखेत धरली.

तसेच ते खाली आले. एक हात अंगाला चिकटलेला, दुसऱ्या हातात सूक्ष्मदर्शक. ओसरीच्या उन्हात त्याचा आरसा फिरवून उजेड धरला, काखेतली डबी उघडली आणि काच लावली. मुकादम म्हणाला, "आता काखेतनं रोग काढायलेत."

"आधी चतुराबाई बघतील. चांगल्या डोळ्याने."

चतुराबाई वाकली. मग म्हणाली, "लांब दांडी हाय. पेरं असल्यावानी."

"ती बुरशी. तुझ्या डोळ्यात हिचीच भावकी आहे. आणखी?"

"दांडीच्या अंगाला दाणे चिकटलेत. एक हालायला. आगं बया, सरकतोय की."

"ते लोक. माझे. तुझेही असेच असतात."

आश्रुबाने डोकं घातलं. त्याला आधी स्वतःची पापणीच दिसली. मग दिसलं. "हे दाणे त्या दांडीला गिळत कावून न्हाईत?"

"बी असतं तर गिळलं असतं. बी एवढंसं असतं. ही दांडी लोकांपेक्षा कितीतरी लांब. तू आख्खा ऊस तोंडात घालतोस का?"

"तोडावा लागतो," आश्रुबा म्हणाला.

"एका कोयत्यानं होत न्हाई," चतुराबाई म्हणाली. "समदी टोळी सरीला लागती."

"तेच चाललंय. सगळे तिच्या अंगाला भिडलेत. पोटातलं जहर तिच्यावर ओतायलेत. त्यात स्वतःही मरतात. डोळ्याच्या तळाला पांढरं साचलंय ना तुझ्या, ते तेच. लोकांची गर्दी."

मुकादमाच्या हातात नवी बाटली तशीच होती. आश्रुबाने तिच्याकडे बोट केलं. "आन हे थेंब?"

डॉक्टरांनी मुकादमाकडे पाहिलं. "हे थेंब म्हणजे तुम्ही फडात जाऊन टोळीला सांगायचं, बसा. टोळी बसली. कोयत्याचा आवाज नाही, धुरळा नाही, आरडाओरडा नाही. बांधावरून बघणाऱ्याला वाटतं, किती शांत फड आहे."

"आन ऊस तसाच उभा," आश्रुबा म्हणाला.

"तसाच नाही. वाढतोय."

मग चतुराबाईने विचारलं, "म्हंजी लाल हाय ते बरं हाय?"

"लोक कामावर आलेत," डॉक्टर म्हणाले. "पण पूर्ण खरं सांगतो. टोळी फार झाली की बांधही तुडवते. लोकांना बुबुळाची नाजूक काच कळत नाही, भांडणात तिलाही लागतं. म्हणून डॉक्टरीणबाईंचे थेंब. ते बुरशीला मारतात, लोकांचं ओझं हलकं करतात. डाग पडेल. किती पडेल आणि त्यातून किती दिसेल, ते मला सांगता येत नाही."

"घाला मंग," ती माझ्या बायकोला म्हणाली आणि उताणी पडली.

मुकादम जाता जाता आश्रुबाला म्हणाला, "डॉक्टरच्या नादाला लागलास, बे. डोळा गेला तर माझ्याकडं येऊ नको." पण त्याने जाताना सूक्ष्मदर्शकात एक डोळा घातला. काय दिसलं ते सांगितलं नाही.

डोळा हळूहळू निवळत गेला. आधी तळाचं पांढरं कमी झालं, मग दशा आटल्या. मधोमध नाही, थोडा बाजूला, एक धुकट डाग उरला. अजून थेंब चालूच होते, तेवढ्यात ऊस संपला. कारखान्याचं धुराडं थंड झालं आणि टोळ्या पांगल्या. चतुराबाईने थेंबांची बाटली ओच्यात बांधली आणि नवऱ्याबरोबर गेली. नीट दिसायला लागेल की नाही, याचं उत्तर तिच्याबरोबर गेलं.

कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला डॉक्टर सभासद म्हणून हजर राहायचे. त्या वर्षी मंडपात तापलेलं वातावरण होतं. पुढच्या हंगामात गाळायला ऊसच नव्हता, धरण तळाला गेलं होतं. आयत्या वेळच्या विषयात डॉक्टर उठले आणि भांडारातल्या त्या थेंबांबद्दल बोलायला लागले. पांढऱ्या पेशी, धागे, फड, टोळी, सगळं. मागून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, बशी आणलीय का?" मंडप हसला.

चेअरमनसाहेब म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सभासदांना पाण्याची पडलीय आणि तुम्ही थेंबांचं बोलताय."

"थेंबांचंच बोलतोय. पाऊस पाडणं या सभेच्या हातात नाही. ती बाटली चिठ्ठीशिवाय न विकणं आहे."

साहेबांनी बिनसाखरेच्या चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "मंजूर?" टाळ्या पडल्या. त्यातल्या निम्म्या जेवणाची पंगत जवळ आली म्हणून होत्या, असं माझं मत आहे. ठराव मात्र पाळला गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय भांडारात ते थेंब मिळेनासे झाले.

पुढचा हंगाम कारखाना बंदच राहिला. आश्रुबा आणि चतुराबाई दुसऱ्या मुकादमाबरोबर कर्नाटकात गेल्याचं कळलं. मोबाईल तेव्हा आमच्याकडे आले नव्हते. डॉक्टर रोज मला विचारत, "काही कळलं?" कळायला वाट नव्हती. एकदा ते उमापूरला जाऊन आले. घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीला विचारलं तर ती म्हणाली, दोन डोळ्यांनीच गेलती की. यावरून काही ठरवता येत नाही, असं ते रात्री जेवताना मला म्हणाले आणि भाकरी तशीच ठेवून उठले. ती भाकरी त्यांनी बशीत घातली नाही. आमच्या घरात ते प्रथमच झालं.

त्यांचा उत्साह परत यायला वेळ लागला नाही. पुढे काही वर्षांनी तर एकदा ते हातात परदेशी मासिक घेऊन जिना उतरत आले. त्यात छापलं होतं की काही पांढऱ्या पेशी मरताना आपल्या पोटातले धागे बाहेर फेकतात आणि त्यांचं जाळं होतं. गिळता न येणारी बुरशी त्या जाळ्यात अडकते.

"वहिनी, मरता मरता जाळं टाकून जातात. पुढच्यांचं काम सोपं व्हावं म्हणून."

"आमच्याकडं माणसं मरता मरता वाटणीचं भांडण टाकून जातात," बायको कणीक मळत म्हणाली.

डॉक्टर पायरीवर बसून इतके हसले की मासिक खाली पडलं. आता ते पुण्याला मुलीकडे असतात. तिथे खिडकीत बशा ठेवू देत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे.

पण हे मी फार पुढचं सांगितलं. चतुराबाई परत आली ती कारखाना पुन्हा सुरू झाला त्या हंगामात. बंद वर्षानंतर धरणात पाणी आलं, ऊस उभा राहिला आणि गाळप सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. दुपारची वेळ होती. मी काट्यावर मान खाली घालून पावत्या फाडत होतो. बाहेरून आवाज आला, "काटेवालं दादा, डॉक्टर हायत का हितं?"

आश्रुबा बैलांपाशी उभा होता. चतुराबाई गाडीच्या चाकावर एक पाय ठेवून माझ्याकडे बघत होती. तिच्या त्या डोळ्यात दुधाच्या थेंबाएवढा डाग होता. मी शिपायाला सायकलवर घरी पिटाळलं. डॉक्टर चपला उलट्या घालून आले.

"बाई, चांगला डोळा झाका," ते म्हणाले. नमस्कार नाही, कशा आहात नाही.

तिने तळहाताने चांगला डोळा झाकला. डॉक्टरांनी इकडे तिकडे पाहिलं. वजनाचे आकडे दाखवणारी लाल दिव्यांची पाटी काट्याच्या खोलीवर होती, बैलगाडीपासून पंधरा-वीस पावलांवर. त्यांनी तिकडे हात केला. "ते आकडे दिसतात?"

"दिसत्यात."

"वाचा."

"वाचता येत न्हाईत."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांचा हात तसाच वर राहिला.

"आवं, ते पयल्यापासूनच येत न्हाईत," चतुराबाई म्हणाली. "साळंत कुठं गेलतो आमी."

आश्रुबा बैलाच्या मानेआड तोंड लपवून हसायला लागला. डॉक्टर हसले नाहीत. हात वरच होता. "मग आकार सांगा. डावीकडून."

चतुराबाईने मान थोडी कलती केली, डागाच्या कडेने बघावं तशी. "पयला बगळा बसल्यावानी. त्याच्या बाजूला उलटी खुर्ची. मंग..." ती थांबली. पाणी आलं म्हणून तिने पापणी मिटली आणि पुन्हा उघडली. "मंग कोयता हाय. आन शेवटाला कडं. चौकोनी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पाटीचा आकडा आत माझ्या यंत्रावरही येतो. मी पाहिलं. दोन, चार, सात, शून्य.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी हात खाली घेतला. ते आश्रुबाच्या गाडीतलं एक कांडं ओढू लागले, ते मोळीतून निघेना. आश्रुबाने कोयत्याने मोळीचा बांध तोडला, ताजं, हिरवंगार कांडं निवडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते हुंगलं नाही. तिथेच दगडावर बसून दातांनी सोललं आणि खायला लागले.